कुठलं मॉडेल ते सोड, हेड कधी पुसलंस?

कान साफ करायची ती कापसाची काडी असते ना, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून माझ्या कॅसेट रेकॉर्डरच्या हेडवरून, म्हणजे टेप ज्याला घासत जाते आणि जो आवाज लिहितो-वाचतो त्या भागावरून, फिरवली आणि बाहेर काढली तर चॉकलेटी. दुसरी फिरवली, तीपण चॉकलेटी. पाचवी जरा पांढरी निघाली. आणि मला खरंच लाज वाटली, कारण आदल्याच दिवशी मी एका मित्राशी याच मशीनवरून तासभर भांडलो होतो.

झालं असं की माझ्याकडे एक जुना कॅसेटवाला फोर-ट्रॅक आहे, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून मग एकत्र करायचं मशीन, सेकंडहँड घेतलेला, एका फेडरची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाची) टोपी गायब. त्याच्यावर एक गाणं केलं आणि मोठ्या हौसेने मित्राला ऐकवलं. हा माणूस रीलवाला, म्हणजे रुंद टेप, मोठी चक्रं, मशीन हलवायला दोन माणसं लागतात असलं प्रकरण. त्याने अर्धं गाणं ऐकलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "कॅसेट ना? कळतंय रे. घोंगडी टाकल्यासारखं वाटतंय." झालं, माझं डोकं फिरलं. मग मी टेपचा उबदारपणा, कॅरेक्टर, तुम्हा लोकांना फक्त वजन आणि किंमत कळते, असलं सगळं ऐकवलं. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "उबदार नाहीये, मळकं आहे." मला तो टोमणा वाटला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो शब्दशः खरं बोलत होता.

आता याचं गणित सांगतो, कारण ते मला स्वतःला फार उशिरा कळलं. टेप जेवढी सावकाश पळते तेवढा तिच्यावर आवाज दाटीवाटीने लिहिला जातो. माझा फोर-ट्रॅक सेकंदाला ९.५ सेंटीमीटर टेप ओढतो, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या, म्हणजे अगदी बारीक तीक्ष्ण आवाजाची एक लाट टेपवर फक्त ९.५ मायक्रॉन लांब (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). हेड आणि टेप यांच्यात एका लाटेएवढं अंतर पडलं की प्लेबॅकला साधारण ५५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) गेले, त्याहून कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. म्हणजे हेडवर नुसता २ मायक्रॉनचा थर बसला तरी १० किलोहर्ट्झ ११ डीबीने खाली, आणि २ मायक्रॉन म्हणजे डोळ्याला दिसणार पण नाही. मित्राचं मशीन पळतं सेकंदाला ३८ सेंटीमीटरने, तिथे तोच मळ जेमतेम ३ डीबी खातो. आणि ज्या स्वस्त फोर-ट्रॅकला साध्या कॅसेटचाच स्पीड आहे, ४.७६ सेंटीमीटरचा, तिथे २३ डीबी! म्हणजे महागडं मशीन तुमचा आळस पोटात घालतं, स्वस्तातलं चव्हाट्यावर आणतं. मग लोक म्हणतात कॅसेटला ट्रेबलच, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाजच, नसतो. अरे असतो, जो मळ कापसाच्या काडीवर काढून फेकून द्यायला हवा होता त्याच्याखाली तुम्ही तो ठेवलाय.

(सगळा ट्रेबल मात्र परत आला नाही हां. रेकॉर्ड करतानाच हेड मळलेलं होतं तेव्हा जो टेपवर उतरलाच नाही तो कुठून येणार. गिटार मी पुन्हा वाजवली.)

तर माझं म्हणणं असं की हे जे गिअरवरून नाक मुरडणं चालतं ना, त्यात पहिला प्रश्न नेहमी "कुठलं मॉडेल?" असतो आणि "हेड कधी पुसलं, बेल्ट कधी बदलला, टेप ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झालाय का" हे कोणी विचारत नाही. कारण मॉडेल मिरवता येतं. पुसलेलं हेड कसं मिरवणार, त्याचा फोटो टाकला तर कोण लाइक करणार.

आणि हे फक्त रीलवाल्यांचं नाही, आम्ही कॅसेटवाले काही कमी नाही. आमचा ठरलेला डायलॉग म्हणजे "बीटल्सनी पण फोर-ट्रॅकवरच केलं". हो केलं, १९६७ चा 'सार्जंट पेपर' फोर-ट्रॅकवरच झाला, पण ते मशीन होतं स्टुडिओतलं रीलवालं स्टूडर जे-३७, त्याची टेप एक इंच रुंद. चार ट्रॅकमध्ये वाटली तर मधल्या रिकाम्या पट्ट्या धरून प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिलिमीटरच्या वर जागा. कॅसेटची अख्खी टेप ३.८ मिलिमीटरची, त्यात चार जण. एकाच्या वाट्याला एक मिलिमीटरपण नाही. त्यामुळे ते उदाहरण देणं आता मी बंद केलंय, लाज वाटते. दुसरं उदाहरण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं, ते निदान खरंखुरं आमच्यातलं आहे, १९८२ चा 'नेब्रास्का' अल्बम घरी टास्कॅम कंपनीच्या पोर्टास्टुडिओ १४४ या कॅसेटवाल्या फोर-ट्रॅकवर झाला, साधे डायनॅमिक माइक वापरून. पण त्याचं झालं काय, की लोक आता तेच १४४ शोधत फिरतात, जणू गाणी त्या डब्यात होती. १४४ आलं १९७९ ला आणि त्यातली खरी हुशारी वेगळीच होती: साध्या दुकानातली कॅसेट, पण दुप्पट स्पीडला, आणि दोन्ही बाजूंचे चारही ट्रॅक एकाच दिशेने, आणि वर मिक्सर त्याच डब्यात. म्हणून ९० मिनिटांची कॅसेट टाकली तर साडेबावीस मिनिटं मिळतात. ही आयडिया नंतर कितीतरी मशीनमध्ये आली, त्यातलं कुठलंही धड चालणारं मिळालं तरी पुरे, पण नाही, नावच पाहिजे.

स्पीडचंही तसंच. जास्त स्पीड म्हणजे जास्त भारी असं समजणारे भेटतात तेव्हा मला गंमत वाटते, कारण मोठ्या स्टुडिओतसुद्धा सेकंदाला ७६ सेंटीमीटरच्या ऐवजी ३८ च मुद्दाम वापरणारे पुष्कळ होते, कारण ७६ ला हिस (टेपचा मागचा सततचा 'स्स्स' आवाज) कमी होतो पण खालचा बास पातळ होतो. जिथे खरंच पैसा होता तिथेही हे ऐकून ठरवायचे.

डीबीएक्सचं एक सांगायचं राहिलं. या फोर-ट्रॅकांत हिस मारायला बऱ्याचदा डीबीएक्स नावाचं सर्किट असतं, ते रेकॉर्ड करताना आवाज दाबतं आणि ऐकवताना उलगडतं. आता हेड मळकं असेल तर उलगडताना ते चुकीचं उलगडतं, आणि जेवढी चूक टेपवर झाली ती दुप्पट होऊन बाहेर येते. गिटारची एकेक तार छेडली की मागे हिस श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर. मी याला वर्षभर "व्हाइब" म्हणत होतो. लोकांना सांगत होतो की हे कॉम्प्युटरवरच्या प्लगइनने येणार नाही. खरंय, नाही येणार.

पण स्वस्त मशीनचा जो खरा फायदा आहे तो म्हणजे त्याच्यावर माती खायला भीती वाटत नाही. मी उलटी गिटार करायला गेलो होतो. ट्रिक सोपी आहे, कॅसेट पलटून टाकायची, गाणं उलटं वाजतं, त्याच्यावर सुलटं वाजवायचं, मग परत पलटली की आपण वाजवलेलं उलटं. माझी मूळ गिटार एक नंबरला, गायलेला आवाज दोनला, तीनवर शेकर (खुळखुळ्यासारखं वाद्य) आणि चार रिकामा. म्हणून मी कॅसेट पलटली आणि चार नंबर आर्म करून, म्हणजे रेकॉर्डिंगला लावून, मस्त डोळे मिटून सोलो वाजवला. आता ज्यांनी हे केलंय ते हसायला लागले असतील. कॅसेट पलटली की ट्रॅकपण पलटतात, एकचा चार होतो आणि चारचा एक. म्हणजे मी रिकाम्या ट्रॅकवर नाही, मूळ गिटारवरच दीड मिनिट सोलो ठोकला. अनडू नावाचं बटण नाही. थोडा वेळ मशीनकडे नुसतं बघत बसलो, मग नवीन गिटार वाजवली, आणि ती खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा वाईट होती, तीच गाण्यात आहे. रीलवाल्या मशीनवर हे झालं असतं तर मी आठवडाभर त्याला हात लावला नसता.

एक खंत मात्र आहे. आम्हीच एवढं कॅसेट-कॅसेट केलं की आता हे डबेसुद्धा महागलेत. पाव इंच टेपवर आठ ट्रॅकवाला टास्कॅम ३८८ एके काळी घरच्या लोकांसाठी काढलेला, आज त्याच्याकडे बघायची सोय नाही. टाइप टू ची कॅसेट, म्हणजे वरच्या दर्जाच्या टेपची, जी धरूनच बहुतेक पोर्टास्टुडिओ बनवलेत, ती जुन्या स्टॉकमधली शोधावी लागते आणि लोक ती सीलबंद ठेवून नुसती बघतात. टेप बघायची वस्तू झालीये, काय बोलायचं.

परवा मित्र आला होता. मी काही न बोलता हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला, पुसलेल्या हेडवर केलेलं नवीन मिक्स लावलं. पूर्ण ऐकलं त्याने या वेळी, डोळे मिटून वगैरे. मग हेडफोन काढला.

"शेकर जरा टोचतोय," म्हणाला.