वेबपीचा पॅच आणि तीनदा बंद झालेलं तिकीट

‘सर, आमचं सॉफ्टवेअर म्हणजे क्रोम नाही. हा प्रॉब्लेम तुम्हाला लागू नाही.’ अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टचं सप्टेंबर २०२३ मधलं हे उत्तर आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

लग्नाचे अल्बम छापणाऱ्या एका प्रेसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. कुठले कुठले लोक फोटो पाठवतात आणि आम्ही ते डोळे मिटून उघडतो. त्यामुळे फोटो उघडणाऱ्या लायब्ररीतच, म्हणजे अनेक सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडमध्येच, भोक असणं म्हणजे आमचं पुढचं दारच सताड उघडं. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, पण चूक होती लिबवेबपी या, वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत. वेबपी फाइल उलगडताना ती हफमन कोडचा (माहिती कमी जागेत बसवण्याच्या पद्धतीचा) तक्ता बनवते आणि त्यासाठी जागा ठरावीक हिशेबाने आधीच धरलेली असे. मुद्दाम बिघडवलेल्या फाइलमुळे तक्ता त्या जागेत मावत नसे आणि लिखाण शेजारच्या मेमरीवर जाई. अ‍ॅपलची सुरक्षा टीम आणि टोरोंटोची सिटिझन लॅब यांनी ही चूक कळवली, तेव्हा तिचा वापर हल्ल्यांत सुरूही झाला होता.

सर्व्हर दहा मिनिटांत अपडेट झाला. पिलो या पायथनच्या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीने मात्र फसवलं. ती लिबवेबपीची स्वतःची प्रत सोबत घेऊन येते, सिस्टिमची प्रत बदलून तिला काही फरक पडत नाही. पिलो १०.०.१ किंवा त्यापुढची टाका, मग तिच्या फीचर्स मॉड्यूललाच वेबपीची आवृत्ती विचारा. १.३.२ किंवा त्यापुढचं दिसलं पाहिजे.

अडलं ते अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, दुसऱ्या दिवशी बंद. कारण, सीव्हीई-२०२३-४८६३ ची (सीव्हीई म्हणजे अशा प्रत्येक भोकाला मिळणारा जाहीर क्रमांक) नोंद तेव्हा क्रोमच्या नावावर होती. मी इन्स्टॉल केलेलं फोल्डर उघडलं, तर आत ‘लायसेन्सेस डॉट क्रोमियम’ नावाची फाइल! सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉन या साच्यावर बांधलेलं, म्हणजे पोटात क्रोमियम, क्रोमचा ओपन सोर्स पाया, आहेच. स्क्रीनशॉट जोडला, तिकीट पुन्हा उघडलं. गणपतीच्या सुट्ट्या संपवून आलो तर पुन्हा बंद, तेच वाक्य.

गौरी-गणपती झाल्यावर थेट लिबवेबपीच्या नावाने नवा क्रमांक निघाला, सीव्हीई-२०२३-५१२९, तीव्रता १० पैकी १०. मला वाटलं, सुटलो. तिकीट उघडलं, ‘डेव्हलपमेंट टीमकडे पाठवलंय’ असंही कळलं. दोन-तीन दिवसांत तो क्रमांक आधीच्याचीच दुसरी नोंद म्हणून रद्द झाला. सपोर्टने ‘रद्द’ एवढंच वाचलं आणि तिकीट तिसऱ्यांदा बंद केलं. भोक तसंच, रोजचे फोटो तसेच येतायत, आणि मी कागदावरच्या क्रमांकाशी भांडतोय. त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही.

मग सीव्हीईचं नावच काढलं नाही. डेव्हलपर टूल्समधून इलेक्ट्रॉनचा आकडा काढला, २२.३.१८, आणि एकच ओळ लिहिली: ‘दुरुस्ती २२.३.२४ मध्ये आहे. तुम्ही ती कधी देणार?’ चौथ्या दिवशी डेव्हलपरचा स्वतःचा फोन आला. त्याला तिकीट पोहोचलंच नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच मेलमध्ये आवृत्तीचा आकडा विचारा, माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका.

तोवर आम्ही वेबपी अपलोडलाच अडवलं होतं. फाइलच्या नावावर विसंबू नका. नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलेल्या कितीतरी फाइल आतून वेबपी निघाल्या. पहिली १२ बाइट वाचायची: सुरुवातीला आर-आय-एफ-एफ, मग आकाराची चार बाइट, मग डब्ल्यू-ई-बी-पी.

आणि हो, सर्व्हरचं सांगायचं राहिलं. पॅकेज अपडेट केल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू असलेली प्रक्रिया मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते.

ऑक्टोबरमध्ये अपडेट आलं. डिझायनर ताईंच्या शेजारी बसून मी तो आकडा स्वतः पाहिला, २२.३.२४, आणि मगच वेबपी पुन्हा सुरू केलं.