रनिंग-इन, १६४० किमी: खडखड सापडली (आणि मी उगाच चेनला शिव्या घातल्या)

तर मंडळी, सापडली एकदाची. गेले बारा दिवस नवीन गाडीच्या इंजिनातून सकाळच्या पहिल्या स्टार्टला जी खडखड येत होती, ती बंद झाली. टायमिंग चेन नाही, ती ताणून धरणारा टेन्शनर नाही, ऑइलही नाही. ऑइल फिल्टर! ज्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी हसून घ्या, मी वाट बघतो.

आधी रनिंग-इनचं (नवीन इंजिन रुळवण्याचं) थोडक्यात, कारण तिथे फार सांगण्यासारखं नाहीच. चाललंय मस्त. क्रूझ कंट्रोलला अजून हात लावला नाहीये, एकाच आरपीएमवर तासभर गाडी दामटणं पूर्ण बंद. तिसऱ्या-चौथ्यात मध्यम लोड देऊन वर न्यायची आणि मग पाय काढून इंजिन ब्रेकिंगवर खाली आणायची, एवढंच करतोय. "नवीन गाडी आहे, हळू चालव" हा सल्ला अर्धवट आहे हे माझं मत अजूनही तेच. पिस्टनची रिंग सिलिंडरच्या भिंतीवर दाबली जाते ती तिच्या मागे शिरलेल्या गॅसच्या प्रेशरने, गाडी नुसती गोंजारत चालवली तर ते प्रेशर येणार कुठून? आणि त्याच्या उलट टोकाला, वरच्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर चढ चढवत इंजिन गुदमरवणं हे तर त्याहून वाईट. पहिल्या ५०० किमीत डिपस्टिकवर लेव्हल दोनेक मिलिमीटर उतरली होती, त्यानंतर जिथे होती तिथेच आहे. रिंग बसल्या असं मी धरून चाललोय.

आता खडखड. १०१० किमीला पहिलं ऑइल बदललं ते आठवत असेल. मॅन्युअलमध्ये एवढ्या लवकर बदला असं कुठेही लिहिलेलं नाही, पण मला आत काय निघतं ते बघायचं होतं. आणि तिथेच मी गाढवपणा केला. ०डब्ल्यू-२० ऑइल काढून जरा घट्ट ग्रेडचं ५डब्ल्यू-३० टाकलं (मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात) आणि त्याच वेळी फिल्टरपण दुसऱ्या कंपनीचा लावला. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खर्रर्र! दोन-तीन सेकंद, मग शांत. आता दोष द्यायचा कुणाला?

साधा उपाय म्हणजे जुना कंपनीचा फिल्टर परत लावून बघायचा. पण तो मी आदल्या रात्रीच उत्साहाने कापून, पेपर पसरून, फोटो काढून मोकळा झालो होतो. त्यात निघालेलं मात्र झकास होतं, बारीक चमचम, सीलंटचा एक नखाएवढा तुकडा आणि लोहचुंबकाला न चिकटणारे दोन कुरळे कीस, म्हणजे बहुधा मशीनिंगचं उरलेलं अॅल्युमिनियम. तांब्याच्या रंगाचं काहीच नाही, म्हणजे बेअरिंगची काळजी नाही. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर नेहमीची काळपट पेस्ट. यावर मी दोन दिवस खूश होतो.

पहिला संशय टेन्शनरवर गेला, कारण आवाज चेनच्या बाजूनेच येत होता. मेकॅनिकने ऐकून "नवीन इंजिन आहे, होतं असं" म्हणून विषय संपवला, त्यावर मी काही बोलत नाही. मग घरीच मोजायला बसलो. फोन डॅशबोर्डसमोर ठेवून स्लो-मोशनमध्ये ऑइल प्रेशरचा लाल दिवा किती वेळाने विझतो ते शूट केलं. गाडी एक तास उभी असेल तर ०.८ सेकंद. तीन तास उभी असेल तर दीडच्या आसपास आणि आवाज अगदी पुसट. रात्रभर, ३.१ सेकंद आणि पूर्ण खडखड. म्हणजे काहीतरी हळूहळू रिकामं होतंय हे नक्की. पण टेन्शनरमधलं ऑइलपण उभ्या गाडीत असंच उतरू शकतं, त्यामुळे मी परत होतो तिथेच!

मग एका रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं की अंदाज कशाला बांधतोय, सकाळी स्टार्ट न करता फिल्टर काढूनच बघू. आपला फिल्टर आडवा बसतो. एडीबीव्ही (गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल परत उतरू न देणारा रबरी पडदा) धड असेल तर रात्रभरानंतरही तो जवळपास भरलेला निघायला हवा, आणि सैल करताना मनगटापासून कोपरापर्यंत तेलाची अंघोळ ठरलेली. ट्रे लावला, बाही वर केली, तोंड बाजूला केलं, फिरवला... आणि जेमतेम दोन-तीन चमचे तेल आलं. इतका आनंद मला गाडीची डिलिव्हरी घेतानापण झाला नव्हता.

नवीन फिल्टर घेताना या वेळी फक्त सिलिकॉनचा एडीबीव्ही असलेलाच बघितला. खरं तर नवीन कोरा नायट्राइलपण काम नीटच करतो, त्याचा त्रास पुढे होतो, गरम-थंड होऊन होऊन रबर कडक पडतं तेव्हा. पण माझा विश्वासच उडाला होता. बाकी जुनंच: थ्रेड एम२०x१.५, गॅस्केटचा व्यास तोच, बायपास व्हॉल्व्हचं (फिल्टर तुंबला तर तेल न गाळता पुढे सोडणारा) सेटिंग तेच. खोक्यावर नुसतं "९९% फिल्ट्रेशन" लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या, किती मायक्रॉनला ९९% ते सांगा ना! २० मायक्रॉनला ९९ आणि ४० मायक्रॉनला ९९ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयएसओ ४५४८-१२ या फिल्टर टेस्टचा आकडा देणारे मला जरा बरे वाटतात. लांब बॉडीचा फिल्टर बसवायचा मोह झाला होता, तेवढीच जास्त मीडिया (गाळणारा कागद), पण खालच्या गार्डला बोटभरपण जागा उरत नव्हती.

लावताना जुनं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघितलं (एकावर एक दोन गॅस्केट म्हणजे जमिनीवर तेलाचं तळं), नव्याला तेलाचं बोट लावलं, टेकल्यावर पाऊण फेरा हातानेच. पान्याने आवळणाऱ्यांना देव सुबुद्धी देवो, काढताना कळतंच त्यांना. ऑइल मुद्दाम तेच ठेवलं, फक्त लेव्हल टॉप-अप केली. या वेळी एकच गोष्ट बदलायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०.९ सेकंद. आवाज नाही. आज सलग पाचवी सकाळ, तसंच.

मग जुन्याचं पोस्टमॉर्टेम. हॅक्सॉ वापरू नका, पत्र्याचा कीस आत पडतो आणि मग इंजिनचा कोणता आणि आपला कोणता ते कळत नाही, चाकाचा कटरच घ्या. आत काळा नायट्राइलचा पडदा, आणि त्याच्या कडेला एका ठिकाणी साधारण करंगळीच्या नखाएवढा भाग आतल्या बाजूला वळलेला. बेसप्लेटवर नेमकं त्याच्यासमोरच्या भोकाला बारीक बर (भोक पाडताना उरलेली धारदार कड) होती, बोटाला टोचेल अशी, आणि रबरावर तिचा ओरखडा. एवढंसं! प्लीट्सपण (फिल्टरच्या कागदाच्या घड्या) एका बाजूला दाटीवाटीने आणि दुसऱ्या बाजूला मध्ये चांगली फट. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण खोकं फार देखणं होतं.

पुढचा प्लॅन ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून खरा गेज बसवायचा होता. अडॅप्टर आलापण, पण तो १/८ एनपीटी (अमेरिकन आट्यांचा) आणि आपला स्विच १/८ बीएसपीटी (ब्रिटिश आट्यांचा) निघाला. इंचाला २७ आटे आणि २८ आटे, हाताने एक-दीड फेरा गोड बसतं आणि मग अडतं. जोर लावला असता तर अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे गेले असते. तूर्तास गेज रद्द, लाल दिवा आणि स्लो-मोशन पुरे.

थांबा, हे लिहितानाच आठवलं, त्या खराब फिल्टरचा जोडीदार कपाटात आहे, मी दोन एकदम घेतले होते. त्याच्या मधल्या भोकातून तेल ओतून, मीडियात मुरू देऊन, आडवा ठेवला तर बाहेरच्या भोकांतून गळतं का ते दिसेल. करून येतो.

आलो. रद्दीवर आडवा ठेवून चाळीस मिनिटं झाली, मध्ये दोनदा फिरवूनपण ठेवला. बाहेरच्या भोकांतून एक थेंब नाही. कागद कोरा. म्हणजे माझ्याच नशिबात तो एक नग आला होता, आणि वर पडदा, बर वगैरे जे तावातावाने लिहिलंय ते त्या एका नगापुरतं धरा. प्लीट्सबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही. आता हा तेलाने भरलेला, धड निघालेला फिल्टर घेऊन बसलोय आणि याला कापायला हात शिवशिवतायत.