उलटे केलेले ‘नवजीवन’

ठाण्यातील नौपाडा भागात मी संध्याकाळच्या तुकडीला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. नोकरी सांभाळून येणारे हे विद्यार्थी बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले असतात. स्ट्रिंगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुराच्या, धड्यानंतर त्यांना नेहमीचा स्वाध्याय दिला होता: दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो का, हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा. स्लाइसिंगने, म्हणजे स्ट्रिंगमधला हवा तो भाग हव्या त्या क्रमाने काढण्याच्या सोयीने, स्ट्रिंग उलटी करून मूळ स्ट्रिंगशी ताडून पाहिली की काम झाले.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीने पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांऐवजी ‘नवजीवन’ टाइप केले आणि उत्तर आले ‘नाही’. “मॅडम, कोड तर बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि तो खरोखरच बरोबर होता. मी तिला उलटी झालेली स्ट्रिंग छापायला सांगितली, तेव्हा पडद्यावर ‘नवीजवन’ उमटले. ‘ज’ची वेलांटी सुटून शेजारच्या ‘व’ला जाऊन चिकटली होती.

पायथॉन ३ मध्ये स्ट्रिंग ही युनिकोडच्या कोड पॉइंटची मालिका असते (युनिकोड हे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक आणि कोड पॉइंट म्हणजे असा एक क्रमांक) आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त (पाय मोडण्याचे) चिन्ह हा स्वतंत्र कोड पॉइंट असतो. त्यामुळे ‘नवजीवन’ आपल्याला पाच अक्षरांचे दिसले तरी त्याची लांबी ६ भरते, आणि ‘चि’मधली वेलांटी आधी दिसत असली तरी साठवणीत ती ‘च’च्या नंतरच येते. नवशिक्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवे, असे माझे ठाम मत आहे. आपली नावे, पत्ते, सातबारे याच लिपीत आहेत.

मग नियोजित धडा बाजूला ठेवून सगळा वर्ग या एकाच प्रश्नाला लागला. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाच्या प्रकाराला एक संकेत असतो; मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचा संकेत ‘एम’ने सुरू होतो आणि पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ या तयार मॉड्यूलमधून (कोडच्या संचातून) तो विचारता येतो. म्हणून प्रत्येक अक्षराचा एक गट करायचा, असे चिन्ह आले की ते मागच्या गटाला जोडायचे आणि मग गटांची यादी उलटी करायची, असे ठरले. ‘नवजीवन’ सुटले, ‘जहाज’ही सुटले. पण कोणीतरी ‘विद्यार्थी’ देऊन पाहिले, तर ‘थीर्याद्वि’ आले: ‘द्य’ आणि ‘र्थ’ ही जोडाक्षरे मोडली होती आणि ‘र्य’ व ‘द्व’ ही मूळ शब्दात नसलेली नवी जोडाक्षरे तयार झाली होती. तेव्हा गटाच्या शेवटी हलन्त असेल तर पुढचे व्यंजनही त्याच गटात घ्यायचे, हा दुसरा नियम आला आणि ‘र्थीद्यावि’ असे नीट उत्तर मिळाले. खुद्द युनिकोडनेही देवनागरी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा असा नियम आपल्या मानकात २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत घातला, हे मी सांगितले तेव्हा मुलांचे चेहरे खुलले.

शेवटी रिकाम्या जागा काढून वाक्ये तपासली. ‘ती होडी जाडी होती’ उत्तीर्ण झाले, पण ‘चिमा काय कामाची’ नापास झाले, कारण सुरुवातीचा ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ आहे. दोन्ही वेलांट्या एकच धराव्यात, असा काहींचा आग्रह होता. त्या विद्यार्थिनीने तो पर्याय लिहून दिला, मात्र तो आपोआप लागू होऊ दिला नाही. तसे केले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ प्रोग्रामच्या लेखी एकच शब्द ठरतील, असे तिचे म्हणणे होते.