टूरवरून कॉलेजच्या कोर्टवर: अमेरिकेतल्या टेनिस कोचची नोकरी

अमेरिकन टेनिसपटू बेन शेल्टनचा सामना लागला की कॅमेरा अधूनमधून त्याच्या वडिलांवर जातो. हे ब्रायन शेल्टन, त्याचे कोचही तेच. स्वतः टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या साखळीत, असताना त्यांनी 1991 आणि 1992 अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतल्या न्यूपोर्टची ग्रास कोर्टवरची स्पर्धा जिंकली. क्रमवारीत ते 55 पर्यंत पोचले होते. 1994 च्या विम्बल्डनला पात्रता फेरीतून आले आणि पहिल्याच फेरीत माजी विजेत्या मिखाएल श्टिखला घरी धाडलं. पण इथले टेनिसवाले त्यांना मानतात ते पुढच्या कारकिर्दीमुळे. 2007 मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या मुलींना आणि 2021 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुलांना त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, मुलं आणि मुली अशा दोन्हीकडे सांघिक विजेतेपद मिळवणारे ते पहिलेच कोच.

आपल्याकडे टूर सोडलेला खेळाडू बहुधा अकादमी काढतो. इथे तो विद्यापीठाचा पगारी कर्मचारी होतो आणि टूरवरच्या निम्म्या सवयी त्याला मोडाव्या लागतात.

पहिली अडचण सामन्याच्या रचनेची. आधी तीन दुहेरी, प्रत्येकी एकच सेट. तीनपैकी दोन जिंकल्या की मिळून एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकीला एक गुण. ज्याचे आधी चार गुण, तो संघ जिंकला. एकेरी बहुधा सहाही कोर्टांवर एकदम सुरू होतात आणि कोच असतात दोन-तीन. नव्याने कोच झालेला माजी प्रो (व्यावसायिक खेळाडू) हमखास एक नंबरच्या, म्हणजे संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या कोर्टवर जाऊन बसतो, कारण त्या दर्जाचं टेनिस त्याला कळतं आणि आवडतं. सामना मात्र पाच आणि सहा नंबरच्या कोर्टवर हातचा जातो. गुण सगळीकडे सारखाच, आणि तिथल्या मुलाला एका सल्ल्याने जास्त फरक पडतो. ‘सेकंड सर्व्ह बॅकहँडवर येतेय, दोन पावलं आत उभा राहा’ एवढं सांगितलं तरी चित्र पालटतं.

दुसरी अडचण ड्यूसची. 40-40 झालं की एकच पॉइंट, आणि कोणत्या बाजूला रिटर्न घ्यायचा ते रिसीव्हर ठरवतो. टूरवर दुहेरीत हेच चालतं, त्यामुळे दुहेरी खेळलेला माणूस इथे पटकन रुळतो. फक्त एकेरी खेळलेल्याला वेळ लागतो. या पॉइंटची सर्व्हिस आधीच ठरवून ठेवायला शिकवावं लागतं, नाहीतर पोरगं त्या क्षणी विचार करत बसतं आणि डबल फॉल्ट करतं. शिवाय लाइनचा कॉल खेळाडूच देतात. अंपायर तो फिरवू शकतो, पण आधी निर्णय पोरांचा. कडेला उभं राहून हे पाहणं माजी प्रोला फार जड जातं.

तिसरी अडचण तासांची, आणि इथे चुकलं तर नोकरीवरही बेतू शकतं. हंगामात सराव आणि सामने मिळून आठवड्याला 20 तास, दिवसाला जास्तीत जास्त 4 आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी हिशेबात 3 तासच धरतात. हंगामाबाहेर आठवड्याला 8 तास. संध्याकाळी ‘अजून एक बास्केट सर्व्हिस मार’ असं कोचने सांगितलं की ते तास मोजावे लागतात. मुलगा आपणहून गेला तर चालतं, पण कोण आलं, कोण नाही याची नोंद कोचने ठेवायची नाही.

रॅकेट विणायचं काम बहुधा सहायक कोचकडे येतं. दोनशे मीटरच्या रीळमधून सोळा-सतरा रॅकेट होतात. दहा खेळाडूंनी आठवड्याला दोन-दोन तारा तोडल्या तर वीस रॅकेट, म्हणजे एका रीळहून जास्त, आणि एकेकाला अर्धा तास धरला तरी दहा तास. मुख्य कोच होण्याआधी बहुतेकांची अशी काही वर्षं जातात.

मग टूरचा उपयोग कुठे? खेळाडू निवडताना आणि खेळाडू सोडताना. संघात हव्या असलेल्या मुलाच्या घरी फोन केला की पालक आधी ‘तुम्ही कोणाशी खेळलात?’ हेच विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचं पारडं जड. दुसरं म्हणजे मुलाने कॉलेज सोडून प्रो व्हावं का, हे तोच धडपणे सांगू शकतो. बेन 2022 मध्ये कॉलेजची राष्ट्रीय एकेरी स्पर्धा जिंकून लगेच गेला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियात चार वर्षं राहिला आणि 2007, 2008 अशी दोनदा ती जिंकून गेला. आपला अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला खेळली. बारावीनंतर ‘एखादं वर्ष आयटीएफ (व्यावसायिक टेनिसच्या खालच्या स्तरावरच्या स्पर्धा) खेळून बघू’ म्हणणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. टेनिसमध्ये शाळा संपल्यावरची सवलत फार थोड्या महिन्यांची असते, पुढे खेळत राहिलं की कॉलेजसाठी खेळण्याच्या पात्रतेचं वर्ष कापलं जातं. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षाचा नियम वाचूनच तिकीट काढा.

कोच व्हायचं असेल तर पदवी लागतेच. टूरसाठी कॉलेज टाळलेले चांगले खेळाडू इथेच अडतात. मुलाखतीत फोरहँडचं कोणी विचारत नाही. बजेट कसं वाटाल, पुढच्या दोन वर्षांसाठी कोण डोळ्यासमोर आहे, हे विचारतात. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत उतरावं लागत नाही, ही आपल्या लोकांसाठी मोठी सोय. मात्र जागा बहुतेक मे ते जुलैमध्ये, हंगाम संपल्यावर निघतात. पदवीनंतरच्या ओपीटीत (विद्यार्थी व्हिसावर काम करायची मुभा) एकूण 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, तेव्हा मेमध्ये पदवी घेणाऱ्याने सहायकाच्या जागांसाठी फेब्रुवारी-मार्चपासूनच कोचना ईमेल पाठवायला लागावं.