पेटी तंबोरा अपडेट: घोडी बसली, जवारी अर्धी खुलली

बिनभोपळ्याच्या, म्हणजे भोपळ्याच्या जागी लाकडी पेटी असलेल्या तंबोऱ्याचं काम घोडीपर्यंत आलंय एकदाचं. दांडी चिकटली, खुंट्या बसल्या, तबली (वरची लाकडी पाटी) घासून पातळ झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, सुतारकाम ते सुतारकाम. डोकेदुखी आणि मजा दोन्ही घोडीत, म्हणून आज तिच्यावरच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, गिटारसारखी धारेची नसते, वरून रुंद आणि अगदी किंचित उतरती असते, तार हलताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तारेखाली सुती दोरा बरोबर जागी सरकवला की वरचे स्वर एकामागून एक खुलत जातात, हीच जवारी, आणि त्यासाठी घोडी घासून नीट करणं म्हणजे जवारी काढणं. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच यावर लिहून ठेवलंय, की तार जिथं छेडली त्या जागेमुळे जे स्वरांश ऐकूच यायला नकोत तेही या घोडीवर ऐकू येतात. आणि हे आपले मिरजेचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून नुसत्या कानशीने करतायत!

मटेरियलवरून भांडणं होणार माहितीये पण मी डेलरिन (एक कडक प्लास्टिक) घेतलं. पूर्वी सांबरशिंग असायचं, वन्यजीव कायद्यामुळे तो विषयच संपला, मग उंटाचं हाड, नाहीतर आबनूस. हाडाचा आवाज गोडच, पण पोलादी तार रोज रोज घासून त्यात चर पाडते आणि मग परत जवारी काढायला न्यावं लागतं. डेलरिन त्या मानाने दमानं झिजतं. मला वाटलेलं मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर चाचा हे बघून वैतागतील, तर ते म्हणाले, "अरे परदेशात जाणाऱ्या सतारीला मी पण हेच लावतो की, तिकडं जवारी काढून कोण देणार त्यांना? पण पेटी एवढी उथळ का केलीस ते सांग." ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. विमानाच्या केबिनमध्ये बसावी म्हणून उथळ केलीये, दुसरं काय.

तसं बघितलं तर 1979 मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, पुढं तो मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये गेला, ज्यांना फक्त मागं सा-प चालू पाहिजे होता ते तिकडं गेले आणि माझ्या मते गेले ते बरंच झालं. आता जो गिऱ्हाईक गल्लीत येतो त्याला तार छेडायचीच असते, फक्त पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो भलामोठा भोपळा ठेवायचा कुठं आणि प्रवासात सांभाळायचा कसा हा त्याचा प्रश्न असतो. शिवाय पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा म्हणजे शेवटी शेतातलं पीक, हवा तो आकार हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही. म्हणून पेटी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आनंदच आहे, पण जीआय आहे म्हणून सगळं होतं तसंच ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा गल्लीत चक्कर मारावी, तिथं कुणीच तसं म्हणत नाही.

तर सध्याची स्थिती. जोडाच्या (मधल्या, सा च्या) दोन्ही तारा मस्त खुलल्यात, दोरा केसभर पुढं घेतला की आवाज मुका आणि केसभर मागं घेतला की नुसतं झर्रर्र, मधली जागा सापडली की कळतंच. काचेवर झिरो पेपर चिकटवून घोडी त्यावर फिरवायचा माझा प्लॅन चाचांनी मोडीत काढला, म्हणे सपाट होईल, गोलाई जाईल, आणि तार वाजवल्याशिवाय एक हात मारायचा नाही. पटलं. डेलरिनचं एक आहे, हाडासारखी पूड पडत नाही, पांढरी लव उठते कडेला, ती ब्लेडने काढल्याशिवाय तार नीट टेकत नाही. खरजाची (खालच्या सा ची) पितळी तार अजून फडफडतीये, तिथला उतार कमी करावा लागणार. पंचम ठीकठाक.

खरज लागला की मग पिझो, म्हणजे कंपनं पकडून आवाज स्पीकरला देणारा पिकअप. घोडीखाली लावला तर आवाज नाकातून आल्यासारखा येतोय, म्हणून आतून तबलीला लावून बघणार. कुणी पेटीत पिझो बसवला असेल तर घोडीपासून किती अंतरावर ते सांगा, चाचांना विचारलं तर ते आधी पेटी खोल कर म्हणतात.