पाव मैलाच्या पट्टीवर मस्टँग का जिंकली

मोबाईलवर ओव्हल रेस, म्हणजे लांबटगोल पट्टीवरची मोटारींची शर्यत, लावली की टपरीवर एक शेरा हमखास येतो: "नुस्तं डावीकडंच वळायलेत की बे, त्यात काय एवढं?" ह्याला उत्तर म्हणून ६ ऑगस्ट १९७१ ची एकच शर्यत पुरते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावी बोमन ग्रे स्टेडियम आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची डांबरी पट्टी, म्हणजे ४०२ मीटर, पळायच्या ट्रॅकएवढी. आणि सपाट. गड्ड्याच्या यात्रेतल्या मौत का कुआँत निदान भिंत गाडीला धरून ठेवते. इथं जे काय धरायचं ते चार टायरांनी.

शर्यत होती मायर्स ब्रदर्स मेमोरियल, २५० लॅप. एकूण अंतर १०० किलोमीटर, सोलापूर ते विजापूर धरा. पण त्यात वळणं ५०० आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक. नॅस्कार ह्या अमेरिकी मोटारशर्यत संस्थेच्या ग्रँड नॅशनल ह्या मुख्य मालिकेत मोठ्या गाड्या पुरेशा येत नव्हत्या, म्हणून ग्रँड अमेरिकन गटातल्या लहान गाड्यांनाही उतरू दिलं. ड्रायव्हर रिचर्ड पेटीची प्लिमथ ही मोठी गाडी होती. ह्याच पट्टीवर १९६९ मध्ये त्यानं आपला १०० वा विजय मिळवला होता. दुसरा ड्रायव्हर बॉबी ॲलिसन मात्र लहान गटातली फोर्ड मस्टँग घेऊन आला. मोठ्या गाड्यांची इंजिनं सात लिटरच्या घरातली, मस्टँगच्या गटाला मर्यादा पाच लिटर. ॲलिसन पहिला, पेटी दुसरा.

ह्यात नशिबाचा भाग कमी, वजनाचा जास्त. इतक्या आखूड पट्टीवर सात लिटरची ताकद वापरायला सरळ रस्ताच नसतो. गॅस दिला की लगेच पुढचं वळण. वजन मात्र वळणागणिक नडतं आणि त्याची पहिली किंमत मोजतो उजवा पुढचा टायर, कारण डावीकडं वळताना भार त्याच्यावर येतो. तो तापला की घसरायला लागतो, गाडी वळायचं सोडून बाहेर जाते. ड्रायव्हर स्टेअरिंग आणखी वळवतो, टायर आणखी घासतो. ब्रेकचंही तेच. ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, आतल्या ब्रेक शूपासून लांब जातो, पेडल खाली जायला लागतं आणि लायनर चकाकून गुळगुळीत होतात. तुळजापूरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला हे सांगायला नको.

आता सेटिंग. आखूड पट्टीवरच्या बऱ्याच गाड्यांत मागचं डिफरेंशियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, लॉक असतं, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. मग वळायचं कसं? चहाचा कागदी कप आडवा टाकून ढकला, तो गोल फिरतो, कारण एक तोंड मोठं, एक लहान. तसाच मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेरानं मोठा घालतात. ह्याला स्टॅगर म्हणतात. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि चाकांतलं अंतर दीड मीटर धरलं तर बाहेरचं चाक ३०.७५ वर, आतलं २९.२५ वर, फरक पाच टक्के. डाव्याचा घेर ८४ इंच असेल तर हिशेबानं सव्वाचार इंच निघतो. पण एवढा कुणी घालत नाही. सरळ पट्टीत गाडी डावीकडं ओढत राहते आणि टायर उगाच खातो. दोन-अडीच इंचांवर भागवतात. मोजायचं ते शर्यतीत ठेवतात तेवढी हवा भरून, स्टीलच्या टेपनं, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध. त्या काळचे टायर बायस-प्लायचे, म्हणजे आत तिरक्या धाग्यांचे थर असलेले, हवेबरोबर घेर वाढायचा. उजवा मागचा तापून फुगला की स्टॅगर आपोआप वाढतो आणि सुरुवातीला सरळ चालणारी गाडी नंतर शेपूट टाकायला लागते, म्हणजे वळणात तिचा मागचा भाग बाहेर घसरतो.

दुसरी गोष्ट वेज. चार पायांच्या डुगडुगत्या टेबलाच्या एका पायाखाली पाचर घातली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्यावर जातो. गाडीत ही पाचर म्हणजे स्प्रिंगवरचा स्क्रू. समजा १६०० किलोची गाडी चार काट्यांवर उभी आहे: पुढे डावं ४५०, उजवं ३७०, मागे डावं ४३०, उजवं ३५०. मागच्या डाव्याचा स्क्रू आवळून तिथं ४५० केले की उजवं मागचं ३३०, उजवं पुढचं ३९०, डावं पुढचं ४३०. डाव्या बाजूची बेरीज ८८० होती तशीच राहिली, पण तिरकी बेरीज ८०० वरून ८४०, म्हणजे ५० टक्क्यांवरून ५२.५. शेपूट टाकणारी गाडी ह्यानं ताळ्यावर येते. जास्त आवळलं की उलटं, वळायलाच तयार नाही आणि पुन्हा मार उजव्या पुढच्या टायरलाच. काट्यावर चढवण्याआधी चारही चाकांत हवा भरून घ्यावी आणि सीटवर ड्रायव्हरएवढं वजन ठेवावं. हे विसरून घेतलेले आकडे फळ्यावर लिहायच्याही लायकीचे नसतात.

ॲलिसनचा तो विजय मात्र कागदावर लटकला. लहान गटातली गाडी म्हणून ग्रँड नॅशनलच्या खात्यात तो धरलाच नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी टायनी लुंड ह्या ड्रायव्हरनं त्याच लहान गटातल्या कमॅरोवर मिळवलेले विजय धरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ५३ वर्षांनी, नॅस्कारनं दुरुस्ती केली आणि ॲलिसनचे एकूण विजय ८४ चे ८५ झाले. पुढच्याच महिन्यात तो वारला.