सहस्रकुंड, आपल्या काठावरून

सहस्रकुंडचा धबधबा म्हटलं की लोक लगेच नांदेडचं नाव घेतात. पण पैनगंगा ही तिथं दोन जिल्ह्यांची शीव आहे. पलीकडे किनवट तालुका, अलीकडे आमचा उमरखेड. म्हणजे अर्धा धबधबा यवतमाळचा, आणि यंदा तो आपल्याच काठावरून पाहायचा असा काकांचा हट्ट होता.

काका, काकू, चुलतभाऊ आणि मी सकाळी सहाला पुसदहून निघालो. उमरखेड सोडून ढाणकीपर्यंत पऱ्हाटी, सोयाबीन आणि मधूनच हळदीचे वाफे. बिटरगावपुढं शेतं विरळ झाली आणि पैनगंगा अभयारण्य सुरू झालं. या पट्ट्याला इकडं 'बंदी भाग' म्हणतात. अभयारण्याचे नियम आले की रस्त्याचं काम अडतं, आणि गावं मात्र तिथंच असतात. आमची गाडी कितीतरी वेळ दुसऱ्या गिअरवरच होती. आम्ही वर्षातून एकदा येणारे. रात्री-बेरात्री बाळंतीण घेऊन निघणाऱ्यांचं काय होत असेल, असं काकू म्हणाली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

पण जंगल! ऑगस्टात साग फुलतो. झाडाच्या शेंड्यावर पांढुरक्या फुलांचे मोठाले तुरे, लांबून पाहिलं तर झाडावर कोणी लाह्या उधळल्यात असं वाटावं. चुलतभावानं एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं आणि हात काकूपुढं धरला. लालभडक. काकू किंचाळली, मग हसली, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. थोराड पानांची मात्र किड्यांनी पार चाळणी केली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या.

धबधबा आधी ऐकू येतो. मग झाडं संपतात आणि समोर काळा कातळ. पैनगंगा इथं एका धारेनं पडत नाही. रुंद पात्र खडकांत फाटतं, प्रत्येक फटीतून वेगळी धार सुटते आणि सगळं पाणी खालच्या अरुंद घळीत कोसळतं. उंची म्हणाल तर फार नाही. जीव घाबरतो तो रुंदीनं आणि आवाजानं. पाणी दाट चहाच्या रंगाचं, त्यावर पांढरा फेस. समोरच्या काठावर मनोरा, त्यावर गर्दी, रंगीत छत्र्या. आमच्या बाजूला आम्ही, दोन बकऱ्या आणि एक गुराखी आजोबा.

"लय पुढं नोका जाऊ, दगड बुळबुळा हाये," आजोबा म्हणाले. वर इसापूरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही निमूट मागं सरकलो.

भाकर, झुणका आणि ठेचा कातळावरच सोडला. तुषारांनी भाकर ओली होत होती, तरी कोणी जागा बदलली नाही. खाऊन झाल्यावर काकू काठच्या डबक्यात पाय धुवायला गेली आणि तिची डाव्या पायाची चप्पल पाण्यानं अलगद ओढून नेली. एक गिरकी, दोन गिरक्या, आणि घळीत गडप.

"गेली तुही चप्पल वर्धेत!" काका ओरडले. चूक नव्हतं ते. पैनगंगा पुढं घुग्घूसजवळ वर्धा नदीलाच मिळते.

"जाऊ द्या. तुमी घेऊन दिली होती, टिकली असती थोडीच," काकू म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती गाडीतून उतरलीच नाही. ढाणकीला दुकानासमोर गाडी थांबवली तेव्हा उरलेली उजवी चप्पल तिनं खिडकीतून माझ्या हातात दिली. "हिच्याच मापाची आण. अन् भाव करजो."